शेजारणीला विचारा

हंस म्हटलं की आपल्याला कमळं, तळी आणि मोत्यांचा चारा आठवतो. नाईलकाठच्या कफ्र नहला गावातल्या हंसांना यातलं काही ठाऊक नाही. ते कालव्याकाठच्या चिखलात राहतात, मिळेल ते खातात आणि अनोळखी माणूस दिसला की मान जमिनीसरशी करून, फिस्सऽऽ करत थेट पोटरीवर येतात.

नरमीन गावात आली त्या सकाळी हिवाळ्यातला पाऊस नुकताच पडून गेला होता. मन्सूरा शहराहून आलेल्या गाडीतून ती उतरली. एका हातात रक्तदाब मोजायचं यंत्र, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी आणि पायात पांढरे बूट. पांढरे! नाईलकाठच्या चिखलात! दोन-चार पावलं टाकते न टाकते तोच एक धिप्पाड हंस तिच्या मागे लागला.

ती पळाली. डॉक्टरीणबाईंनी भर रस्त्यात असं पळू नये हे तिला कळत होतं, पण हंसाला कुठे कळत होतं? समोर पहिलं उघडं दार दिसलं त्यात ती घुसली, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून धापा टाकत उभी राहिली.

ते औषधांचं दुकान होतं. काउंटरमागे एक उंचसा तरुण चहात बिस्कीट बुडवत होता. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता बिस्कीट चहात विरघळून तळाला गेलं.

"काय त्रास होतोय?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

"हंस!"

"कधीपासून?"

"कालव्यापासून!"

"हं... जेवणाआधी जास्त होतो की जेवणानंतर?"

नरमीनने त्याच्याकडे रागाने बघायचं ठरवलं होतं. मनापासून ठरवलं होतं. पण त्याचे डोळे असे काही हसत होते की राग ओठांपर्यंत आला आणि तिथेच त्याचं हसू झालं.

"यावर गोळी नाही," तो म्हणाला. "मागचं दार आहे. या, मी सोडतो. आणि पुढच्या वेळी काळे बूट घाला. पांढरं दिसलं की त्याला वाटतं, दुसरा हंस आलाय."

तर हा इहाब. शिकला होता औषधांचं, पण गावाच्या लेखी तोच डॉक्टर. सरकारी दवाखान्यात खरा डॉक्टर आला तर आला, नाही तर पुढच्या आठवड्यात. त्यामुळे ताप, खोकला, सुनेची तक्रार, म्हशीचं दूध आटणं, सगळं इहाबच्या काउंटरवर यायचं.

आणि नरमीन आली होती मन्सूराच्या विद्यापीठातून, अभ्यासाला. कोणत्या गावात कोणता आजार किती, आजारी माणूस दवाखान्यापर्यंत पोचतो का, आणि पोचला तर बरा होतो का, एवढंच शोधायचं होतं. ज्या गावाची गरज मोठी, तिथे विद्यापीठाची फिरती दवाखाना-गाडी दर आठवड्याला जाणार होती, आत हृदयाचे आणि साखरेचे डॉक्टर घेऊन. म्हणजे नरमीनचं उत्तर चुकलं तर गाडी चुकणार. तिने उम्म सब्रीकडे, म्हणजे सब्रीच्या आईकडे, वरची खोली भाड्याने घेतली आणि कामाला लागली.

पहिल्याच घरी एक पैलवानासारखा गडी मांडी घालून फतीर, म्हणजे लोणी लावलेली पापुद्र्यांची रोटी, खात बसला होता. मधात बुडवून, एकामागून एक.

"कसे आहात काका?"

"कुठला कसा, पोरी!" त्याने घास गिळला. "संपलो मी. पाठ गेली, गुडघे गेले, रात्रभर डोळा नाही. ए, अजून एक फतीर आण गं!"

दुसऱ्या घरी सात पोरांची गुटगुटीत आई कण्हत होती. तिसऱ्या घरी तसंच. चौथ्या घरी मात्र अंथरुणात एक आजी, चेहरा पांढराफटक, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. नरमीनने धास्तावून विचारलं, तर आजी गोड हसली. "मी? मोगऱ्यासारखी! पुढचं घर बघ, पोरी. इथे कुणी आजारी नाही."

घरोघरी असंच. आणि घरोघरी चहा. काळा, कढ काढलेला, आणि त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. नाही म्हणायची सोय नाही. आठवड्याभरात गावाची साखर मोजता मोजता नरमीनची वाढायची पाळी आली. मात्र जे कण्हत दंडाला पट्टा बांधून घ्यायला पुढे येत, त्यांचा रक्तदाब घड्याळासारखा नेमका निघायचा.

तिच्या प्राध्यापिकाबाईंनी सगळं वाचून फोन केला.

"नरमीन, तू लिहिलंयस त्यावरून हे गाव येत्या गुरुवारपर्यंत रिकामं होणार. आणि जे जगतील ते सगळे अंथरुणात असलेले. काय चाललंय?"

फोन ठेवून ती तडक औषधांच्या दुकानात गेली. का तिथेच गेली? अहो, डोकं दुखत होतं तिचं.

इहाबने सगळं ऐकून घेतलं आणि काउंटरवर डोकं टेकून हसत सुटला.

"हसताय काय!"

"डॉक्टर, तुमची आजी आहे?"

"होती. का?"

"ती कधी म्हणाली, माझी नात गुटगुटीत आहे, गाढ झोपते, छान जेवते?"

"छे! दृष्ट लागेल म्हणून मला अंगणात न्यायची तेव्हा तोंडाला काजळी फासून—" नरमीन थांबली. "पण मी तर डॉक्टर आहे!"

"डॉक्टरला दृष्ट माफ असते असं कुणी सांगितलं तुम्हाला? उलट तुम्ही सगळ्यात वाईट. मुलं किती? झोप लागते का? भूक कशी आहे? जिना चढता येतो? अहो, नजरेने दूध नासवणारी बाईसुद्धा एका दमात इतकं विचारत नाही! म्हणून धडधाकट माणूस तुम्हाला बघून कण्हतो."

"आणि आजारी?"

"आजारी कबूल कसा करेल? बातमी फुटली की मुलीचं स्थळ परतलं आणि मुलाला कुणी मुलगी देईना. म्हणून तो मोगऱ्यासारखा. दोन्हीकडून उलटं... बघा, किती सोपं आहे."

"सोपं! मग मला खरं कोण सांगणार?"

त्याने डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी तिच्यासमोर ठेवली. बोटाला बोट लागलं, आणि दोघांनी एकदमच हात मागे घेतला.

"स्वतःचं कुणी सांगत नाही," तो पट्टीकडे बघत म्हणाला. "शेजारणीला विचारा."

आणि काय सांगू, काय चमत्कार झाला! "तुमच्या शेजारी कसे आहेत?" एवढं विचारायचा अवकाश, बायका दार लोटून घ्यायच्या, सरकून बसायच्या, आणि जे सुरू व्हायच्या!

"ती? तिला साखर आहे. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही तिला."

"त्याला? त्याला काय धाड भरलीय! काल भिंतीवरून उडी मारून आलाय. कण्हतो मेला."

शेजारी सांगतील त्या दाराशी नरमीन जायची, गोडीगुलाबीने पट्टा बांधायची. एकेक खरा आजारी सापडू लागला. चिंध्या बांधलेल्या आजींची जखम वेळेवर मन्सूराला पोचली आणि पाय वाचला. प्राध्यापिकाबाईंचा पुढचा फोन आला तेव्हा त्यांचा सूर बदलला होता. "हे शेजारणीचं तुला सुचलं कसं?" नरमीन म्हणाली, "गावातल्या एका... सहकाऱ्याला सुचलं." आणि 'सहकाऱ्याला' म्हणताना इश्श, कानापर्यंत लाल झाली. फोनवर दिसत नाही म्हणून बरं.

सहकाऱ्याकडे मात्र रोज जाणं व्हायचं. रोज एक डोकेदुखीची पट्टी.

"आजही?" इहाब विचारायचा.

"आजही."

"तपासून घ्या एकदा, डॉक्टर. इतकं दुखणं चांगलं नाही."

"कोण तपासणार? गावात एकच डॉक्टर, तोही बिस्किटं बुडवतो चहात."

"बुडतात ती. बुडवत नाही मी," तो हळूच म्हणायचा आणि मग उगाच खोकल्याच्या बाटल्या सरळ करायचा... आधीच सरळ असलेल्या.

इहाबचं घर उम्म सब्रीच्या घराला लागूनच होतं. दारात त्याची आई बसलेली असायची, हज्जा नबविया, मांडीवरच्या सुपात मुलुखियाची पालेभाजी निवडत. "कशा आहात हज्जा?" नरमीन जाता-येता विचारायची. "मोगऱ्यासारखी, पोरी! तू जेवलीस का?" नरमीन हसून पुढे जायची. सगळ्या गावाचं उलटं सुलटं करणारी ही शहाणी मुलगी, पण इथे तिला शंका म्हणून आली नाही. आपल्या माणसाच्या दारात आपण डॉक्टर कुठे असतो?

आपली गल्ली तिने मुद्दाम शेवटी ठेवली होती. एका दुपारी उम्म सब्री द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसली होती, तेव्हा नरमीनने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि आपले शेजारी कसे आहेत?"

उम्म सब्रीने पान खाली ठेवलं.

"किती दिवस वाट बघतेय मी तू विचारशील म्हणून! हज्जा नबविया आजारी आहे, पोरी. भात कापल्यापासून गच्चीवर चढलेली नाही. तिच्या कबुतरांना दाणे मी टाकते, माझ्या गच्चीवरून. ती खालून विचारते, 'टाकलेस का गं?' चढायला गेली तर अर्ध्या जिन्यात छाती धरून बसते. मन्सूरात दाखवलंन, चोरून. हृदयाची वाट बंद होत आलीय, आत नळी घालायला हवी म्हणाले. ही म्हणते, आधी इहाबचं लग्न."

नरमीनने शेजारच्या घराकडे बघितलं. "आणि... त्याला?"

"त्याला काय कळतंय! आई म्हणते मोगऱ्यासारखी, हा म्हणतो वा वा. गोळ्या पलीकडच्या गावातून आणते ती. पोटच्या पोराचं दुकान असून! पण तू बोलायचं नाहीस हं त्याला. इथे सांगितलेलं इथेच राहील, असं वचन देत फिरलीस ना गावभर?"

दिलं होतं वचन. प्रत्येक उंबऱ्यावर दिलं होतं. एक शब्द फुटला असता तर पुन्हा कुणी दार उघडलं नसतं. आणि गप्प बसलं तर ती माउली एखाद्या दिवशी जिन्यातून उठणारच नव्हती.

नरमीन आधी हज्जाकडेच गेली. हज्जाने खूप वेळ मोगऱ्याचा हेका धरला. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "कळलं तर कळलं तुला. पण मला सून येऊ दे, मग जाईन. आजारी सासू असलेल्या घरात कोण मुलगी देतं, पोरी?"

"देतात."

"कोण? एक नाव सांग."

नाव होतं. जिभेवर होतं. पण स्वतःचं नाव असं भाजीसारखं पुढे करतात का कधी? नरमीन तशीच उठून आली.

संध्याकाळी ती दुकानात गेली तेव्हा इहाबने पट्टी आधीच काढून ठेवली होती.

"आज पट्टी नको," ती म्हणाली. "आज एक प्रश्न आहे. तुमच्या घरचं माझ्या अभ्यासात राहिलंय. तुमच्या घरी... सगळे कसे आहेत?"

"आमच्याकडे? मी हा असा. आई मोगऱ्यासारखी."

नरमीनने पट्टी त्याच्याकडे परत सरकवली. डोळे भरून आले होते, पण तिने पुसले नाहीत.

"शेजारणीला विचारा," ती म्हणाली.

तो हसला. सवयीने हसला. मग ते हसू त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं... आणि पुढच्या क्षणी तो काउंटरवरून उडी मारून, दुकान सताड उघडं टाकून धावत सुटला. नरमीन त्याच्या मागे धावली. आणि तिच्या मागे, पांढरे बूट बघून, हंस.

उम्म सब्री गच्चीवर दाणे टाकत होती. हज्जा खाली दारात बसली होती. इहाब गल्लीत उभा राहून ओरडला, "उम्म सब्री! माझी आई कशी आहे?"

हज्जाने वर बघून मान हलवली, हात जोडले, डोळे मोठे केले. उम्म सब्रीने तिच्याकडे बघितलं, इहाबकडे बघितलं, आणि दाण्यांचं भांडं कठड्यावर आपटलं.

"माफ कर गं नबविया, पण त्याने विचारलंय!" आणि तिने सगळं सांगितलं. गच्ची, जिना, मन्सूरा, नळी, पलीकडच्या गावच्या गोळ्या. अर्धी गल्ली खिडक्यांत आली होती. हंससुद्धा गप्प उभा होता.

इहाब आईच्या पायाशी मटकन बसला. "छातीत दुखतं का, दम लागतो का, हे मी रोज सगळ्या गावाला विचारतो गं आई. तुला एकदा नाही विचारलं."

"विचारलं असतंस तरी काय सांगितलं असतं मी?" हज्जा त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "रडू नकोस, लोक बघतायत. आधी तुझं लग्न होऊ दे."

"उद्या मन्सूराला जायचं, आई."

"आधी सून."

"आधी मन्सूरा!"

"सून!"

"अरे, भांडता काय!" वरून उम्म सब्री कडाडली. "मला अजून एक शेजारीण आहे. वरच्या खोलीत राहते. तिच्याबद्दल कुणी विचारणार आहे की नाही?"

"उम्म सब्री, नको ना!" नरमीन किंचाळली. "ही काय पद्धत झाली?"

"तुझीच पद्धत आहे, पोरी."

इहाबने मान वर केली. कान लालबुंद झाले होते. "ती... ती कशी आहे?"

"आजारी! पार गेलेली केस आहे! रोज डोकेदुखीची पट्टी आणते आणि बिस्किटाच्या डब्यात टाकते. एक गोळी खाल्ली असेल तर शपथ! सब्रीचं डोकं परवा ठणकत होतं तर त्यालाही दिली नाही, म्हणते, असू दे, त्या ठेवायच्या आहेत!"

गल्ली खो खो हसली. नरमीनला वाटलं, आत्ता हंस चावला तर बरं होईल. पण मेला नेमका त्याच वेळी सभ्य झाला होता.

हज्जा उठली. सावकाश, भिंतीचा आधार घेत, नरमीनसमोर आली. "पोरी, खरं?"

नरमीनने आपल्या बुटांकडे बघितलं. त्यांत पांढरं आता काही उरलं नव्हतं. मग तिने मान वर केली.

"तुम्ही नाव विचारलं होतंत ना हज्जा... आजारी सासूच्या घरी कोण येतं म्हणून? मी येते." तिने हज्जाचा हात धरला. "मात्र माझी अट आहे. मला सासू हवी. बरीच वर्षं हवी. तेव्हा उद्या मन्सूरा."

इहाबने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तुला नाही विचारलं," हज्जा त्याला म्हणाली. "तुझं मला माहितीये. तुझ्या चहात रोज गाळ सापडतो बिस्किटांचा." आणि नरमीनला तिने जवळ ओढलं. "चल. उद्या."

मन्सूराला जाणं सोपं, पण पलंग मिळणं अवघड. रांगेत उभं राहा, सही आणा, शिक्का आणा, मोठे डॉक्टर उद्या येतील, उद्या म्हणजे परवा. नरमीनने जी वाट आजवर प्रश्नांमध्ये विचारली होती ती आता स्वतःच्या पायांनी तुडवली. एका बाकावर इहाब आणि ती दिवसभर बसून असायचे, मधे बिस्किटांचा पुडा. एकदा तिने त्याचा हात धरला, आणि मग सोडलाच नाही.

शेवटी नंबर लागला. दार बंद झालं. खूप वेळाने उघडलं. डॉक्टर म्हणाले, "नीट झालंय," पण डॉक्टर काय, म्हणतातच. दुसऱ्या दिवशी दोघांना आत सोडलं. हज्जा डोळे मिटून पडली होती. उम्म सब्री आधीच पोचलेली, शेजारी पातेलं घेऊन.

नरमीन वाकली. "हज्जा... कशा आहात?"

आता ही 'मोगऱ्यासारखी' म्हणाली तर?

हज्जाने एक डोळा उघडला. आजूबाजूच्या पलंगांवरच्या बायकांकडे सावधपणे बघितलं. आणि मग असा काही गळा काढला की परिचारिका धावत आली.

"मेले गं पोरी, मेले! हात उचलत नाही, पाठ गेली, गुडघे गेले, रात्रभर डोळा नाही! संपले मी!" आणि न उचलणारा हात पातेल्यात घालून तिने भात भरून शिजवलेल्या कबुतराची तंगडी ओढून काढली. "मीठ कमी आहे गं यात."

नरमीनने इहाबकडे बघितलं. त्याने तिच्याकडे. आणि दोघं एकदम हसायला लागले, हसता हसता रडायला लागले. परिचारिका म्हणाली, "अहो, पेशंटला त्रास होतोय आणि तुम्ही हसताय?" त्यांना बोलता येईना.

विद्यापीठाची दवाखाना-गाडी आता दर आठवड्याला कफ्र नहलात येते. पण ते नंतरचं. त्या दिवशी ती दोघं खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली संध्याकाळची वर्दळ होती, आणि मागून हज्जाचं कण्हणं ऐकू येत होतं, दणदणीत, खणखणीत.

"नरमीन," इहाबने हळूच विचारलं. 'डॉक्टर' म्हणायचं तो आज पहिल्यांदा विसरला. "तू... खूश आहेस ना? खरं सांग."

तिने वॉर्डात एकवार नजर फिरवली. कुणी बघत तर नाही ना? मग डोळे खाली झुकवून एक लांब सुस्कारा टाकला.

"कुठली खूश, इहाब! फार वाईट चाललंय माझं... इतकं वाईट कधीच नव्हतं."

इहाबचा चेहरा उजळून निघाला.

"माझंही," तो म्हणाला.